डोकं सुरक्षित जागी

"हे मैदान कुठलं?" लाड सरांनी विचारलं.

"मोठं," स्वप्नाली म्हणाली.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "बरोबर आहे का गं, कांचन?"

मी कॅप्टन होते. मला मैदानाचं नाव माहीत नव्हतं. सकाळी टेंपोतून उतरलो तेव्हा गेटावर कमान होती, पण तिच्यावर पाहुण्यांच्या स्वागताचा फ्लेक्स लावलेला. मैदान मोठं मात्र होतं. मी म्हटलं, "बरोबर आहे सर."

स्वप्नाली गवतावर पाय पसरून बसली होती. डाव्या कानाच्या वर टेंगूळ येत होतं. पुण्याच्या कॉलेजची एक उंच पोरगी बॉल घेऊन पळत होती, स्वप्नालीनं तिच्या घोट्यावर झेप घेतली आणि त्या पोरीचा गुडघा हिच्या डोक्यावर बसला. आवाज आला तो मला अजून सांगता येत नाही. नारळ आठवतो, पण नारळ नव्हता.

सर रग्बीच्या एक दिवसाच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथं त्यांना शिकवलं होतं की डोक्याला लागलं तर खेळाडूला पाच प्रश्न विचारायचे. उत्तरं चुकली की तो बाहेर. सरांनी प्रश्न पाठ केले होते. उत्तरांचं कोणी काही सांगितलं नव्हतं.

"आता कुठला हाफ चालू आहे?"

"पहिला," स्वप्नाली म्हणाली.

"दुसरा की गं," शबाना मागून कुजबुजली. शबाना मुजावर म्हणजे आमची सगळ्यात वेगानं पळणारी. परीक्षेतही ती असंच मागून सांगायची आणि तेव्हाही ते चुकायचं.

"शबे, गप. पहिलाच आहे," मी म्हटलं.

"मग मघाशी शिट्टी कशाची झाली?"

"कशाची तरी झाली."

सरांच्या कपाळाला घाम आला. "शेवटचा गुण कोणी केला?"

"त्यांनी," स्वप्नाली म्हणाली.

"नाही, आपण," शबाना म्हणाली.

"कोणाचाच नाही. तुझा पंचांनी धरला नाही, बॉल पुढं पडला म्हणून," मी शबानाला म्हटलं.

"पुढं पडला तर चांगलंच की!"

"मागच्या मॅचला कोणाशी खेळलो?" सरांनी आवाज चढवला.

स्वप्नाली विचार करायला लागली. आम्हीही करायला लागलो. सकाळीच सेमीफायनल झाली होती, पण कोणाशी?

"निळ्या शर्टवाल्या," शबाना म्हणाली.

सर वैतागले. त्यांनी शबानालाच समोर बसवलं आणि पहिल्यापासून पाचही प्रश्न विचारले. तिची पाचही उत्तरं चुकली. सर उभे राहिले, दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाले, "लागलंय कोणाला नक्की?"

आता हे काय चाललं होतं ते सांगते. आम्ही मुळात कबड्डीची टीम. सांगलीकडच्या तालुक्यातलं आमचं कॉलेज, तिथं दरवर्षी आम्ही कबड्डीत विद्यापीठापर्यंत जायचो आणि पहिल्याच फेरीत घरी यायचो. त्या वर्षी लाड सरांना शोध लागला की मुलींच्या रग्बीला राज्याच्या कॉलेज स्पर्धेत चारच कॉलेजं येतात. म्हणजे नाव दिलं की थेट सेमीफायनल. शिवाय रग्बीचा एक प्रकार सात-सात जणींचा असतो, आणि कबड्डीतही सातच जणी. सर म्हणाले, "देवानंच जमवलंय." फक्त बॉलची सवय करायची होती.

पकड आम्हाला यायचीच. स्वप्नाली खोत तर उजव्या कोपऱ्यातली, तिनं घोटा धरला की भलीभली तोंडावर आपटायची. पण रग्बीत पकड करताना डोकं कुठं ठेवायचं याचा नियम आहे, आणि तो सर आम्हाला सांगायचे ते असं: "पकड घेताना डोकं... हे करायचं... सुरक्षित जागी ठेवायचं."

"म्हणजे कुठं सर?" मी एकदा विचारलं होतं.

सर आंब्याच्या झाडाकडं बघत म्हणाले, "सुरक्षित. समजून घ्या."

आम्ही आमच्या परीनं समजून घेतलं. स्वप्नालीनं डोकं पुढं घातलं, कबड्डीत घालतात तसं.

तर प्रश्नोत्तरं चालू असताना पंच मॅडम आल्या. बारीक, काळा गॉगल, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी स्वप्नालीच्या डोळ्यांत बघितलं आणि सरळ म्हणाल्या, "अकरा नंबर बाहेर. आज परत खेळायचं नाही. हॉस्पिटलला न्या."

"हो मॅडम," सर म्हणाले. त्यांना बरंच वाटलं, कोणीतरी ठरवलं एकदाचं.

अँब्युलन्स होती. तिच्यात पाहुण्यांचे हारतुरे आणि पाण्याचे जार ठेवले होते, आणि ड्रायव्हर जेवायला गेला होता. त्याला बोलवायला कॉलेजचा शिपाई पाठवला. बर्फ नव्हता, म्हणून सरांनी गाडीवाल्याकडनं पेप्सीकांडी आणून टेंगळाला लावायला दिली. पाच मिनिटांनी मी बघितलं तर स्वप्नाली ती खात होती.

तिच्या जागी शीतल आत आली. शीतल बदली खेळाडू होती, म्हणजे ती ट्रिपला म्हणून आली होती. "मला बॉल देऊ नका हां," ती म्हणाली आणि एका कडेला जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळात शबानाला बॉल मिळाला. तिनं तो काखेत मारला, कोणाकडंही न बघता पळत सुटली आणि पार पलीकडं जाऊन रेषेच्या आत बॉल जमिनीला टेकवला. त्याला ट्राय म्हणतात. पाच गुण. आम्ही नाचलो, एकमेकींच्या पाठीवर गुद्दे घातले आणि खेळ परत सुरू व्हायच्या आधी सवयीनं हात धरून साखळी केली. सरांनी कितीदा सांगितलं होतं, रग्बीत साखळी करायची नसते. पण हात रिकामे राहिले की कसंतरी व्हायचं.

माझ्या उजव्या हातात स्वप्नालीचा हात होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणालाच वाटलं नाही. कबड्डीत आपला गुण झाला की बाहेर बसलेला आपला एक गडी उठतो आणि आत येतो. आमचा गुण झाला होता. स्वप्नाली उठून आत आली होती. मी उलट तिला म्हटलं, "ये, कोपरा धर."

पंच मॅडमनी शिट्टी तोंडाला लावली आणि तशीच खाली घेतली. बोटानं मोजलं. परत मोजलं.

"आठ?"

"मी जाते!" शीतल म्हणाली आणि कोणी काही बोलायच्या आत गेलीसुद्धा.

पण मॅडमना नंबर दिसला होता. "अकरा नंबर! तुम्हाला मी बाहेर काढलं होतं ना?"

"हो मॅडम," स्वप्नाली अदबीनं म्हणाली. "पण आमचा गुण झाला की."

"मग?"

"मग मी उठले."

मॅडमनी गॉगल काढला. "कॅप्टन, ह्या काय म्हणतायत?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं की आपण रग्बी खेळतोय. मला हसू आलं. म्हटलं, "स्वपे, अगं रग्बी आहे ही. जा बाहेर."

ती हसली नाही. ती माझ्या पलीकडं बघत होती. "उजी कुठाय?" ती म्हणाली. "डावा कोपरा सगळा रिकामा पडलाय बघ. तिला म्हणावं, पाणी पीत नंतर बस."

उज्ज्वला आमच्या डाव्या कोपऱ्यात खेळायची. लग्न होऊन ती विट्याला गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. गेल्याच महिन्यात तिच्या बाळाच्या बारशाला आम्ही सगळ्या गेलो होतो. पाळणा स्वप्नालीनं म्हटला होता, बेसूर, सगळी कडवी.

"उजी नाही आली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा लागला.

"का? परत ताप?"

शबानानं माझ्याकडं बघितलं. तिचंही हसू गेलं होतं.

"स्वपे, चल. बाहेर बसू आपण."

"का? मी का?" ती एक पाऊल मागं सरकली. "मला कोणी शिवलंय का? सांग की. कोणी शिवलं मला?"

मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या खेळाडूला बाहेर घ्या. लगेच." लाड सर आत धावले. त्यांनी स्वप्नालीचा दंड धरला. तिनं सरांकडं ओळख नसल्यासारखं बघितलं, खाली वाकली आणि त्यांचा घोटा धरला. सर सपाट पडले. पुण्याच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आमच्याकडं ट्रायनंतर असंच करतात.

"सर, हलू नका!" मी ओरडले. मला सरांची काळजी नव्हती. ती वाकली तेव्हा तिचं डोकं परत सरांच्या गुडघ्यापाशी गेलं होतं. ओढून न्यायला गेलं की ती वाकणार, वाकली की डोकं पुढं. आम्ही सहा जणी तिच्यावर पडलो असतो तर तिला नेता आलं असतं, पण एकच गुडघा बसला की डोक्याचं काय होतं ते तर आत्ताच बघितलं होतं.

समजावून उपयोग नव्हता. ती आमच्यात नव्हतीच. ती कुठल्यातरी जुन्या मॅचमध्ये होती, उजी डाव्या कोपऱ्यात असलेल्या. मग तिथंच जायला पाहिजे.

मी तोंडातलं माउथगार्ड काढून खिशात घातलं. चालत मधल्या रेषेपर्यंत गेले, पलीकडं झाले, वळले, वाकून रेषेला हात लावला आणि दम घेतला.

"कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

पंच मॅडमनी शिट्टी वाजवली. मी थांबले नाही. दम सोडला असता तर मीच बाद.

स्वप्नालीचा चेहरा उजळला. आता तिला सगळं कळत होतं. ती वाकली, हात पसरले, कोपऱ्यात सरकली. आणि शबाना, जिला काय चाललंय ते माहीत होतं, तीसुद्धा सवयीनं माझ्यावर धावून आली.

मी तिला "कबड्डी कबड्डी" म्हणत डोळे वटारले. ती दचकून थांबली. "होय होय, कळलं," म्हणाली आणि मागं सरली.

स्वप्नालीला शिवणं म्हणजे गंमत नव्हती. कॉलेजच्या तीन वर्षांत प्रॅक्टिसला मी तिला मोजून एकदोनदाच शिवले असेन. तिची युक्ती मला माहीत होती. पाय पुढं दिला की ती झडप घालायची. त्या दिवशी तिनं झडप घातली असती तर माझाच गुडघा तिच्या टेंगळावर बसला असता. म्हणून पाय द्यायचा नव्हता. मी पाय दाखवला आणि तिथंच ठेवला, हातभर लांब. तिची नजर पायावर गेली. मी वरनं हात टाकला. बोटांची टोकं तिच्या खांद्याला लागली, एवढी हलकी की माझं मलाही नक्की वाटलं नाही. मी मागं उडी मारली आणि रेषेकडं पळत सुटले. तिनं पाठलाग केला नाही.

मी वळून बघितलं. ती जागेवर उभी होती. शिवल्याचं पंचांना दिसलं नसलं, कोणालाच दिसलं नसलं, तरी स्वप्नाली आजवर कधी खोटं बोलली नव्हती. तिनं हात वर केला.

"शिवली," ती म्हणाली आणि मान खाली घालून बाहेर चालायला लागली.

पंच मॅडम माझ्याजवळ आल्या. "कॅप्टन. हा काय प्रकार होता?"

"उपचार, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी पिवळं कार्ड अर्धं बाहेर काढलं, विचार केला आणि परत आत ठेवलं. ह्याला कुठला नियम लावायचा ते त्यांनाही सुचलं नसावं. शीतलला परत आत ढकललं आणि खेळ सुरू झाला.

त्यानंतरचा खेळ मला नीट आठवत नाही. माझं अर्धं लक्ष कडेच्या रेषेवर होतं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर अजून जेवतच होता. स्वप्नाली रेषेला पायाचा अंगठा टेकवून उभी, आणि लाड सरांनी मागून तिचा शर्ट दोन्ही हातांनी धरलेला. मध्येच तिचा आवाज यायचा, "झाला का गुण? झाला?" आणि सर म्हणायचे, "नाही झाला बाळ. बस खाली. अजून नाही झाला."

मध्यंतर झालं. बाजू बदलल्या. पुण्याच्या पोरींनी एक ट्राय केला आणि वर लाथ मारून बॉल खांबांमधून घालून आणखी दोन गुण घेतले. आम्ही आणखी एक ट्राय केला असता तर पुढं गेलो असतो, एवढंच मला शबाना सारखं ओरडून सांगत होती.

मग शेवटी शेवटी त्यांच्या एकीच्या हातातून बॉल सटकला आणि विचित्र उडी मारून माझ्या पोटावर आला. मी धरला. समोर कोणी नव्हतं. रग्बीत असं कधीच होत नाही, समोर नेहमी कोणीतरी असतंच. मी पळत सुटले.

"कांचे, पळ! पळ कांचे!" शबाना मागून ओरडत होती.

रेषा आली. मी रेषेच्या आत गेले. आता फक्त वाकून बॉल जमिनीला टेकवायचा होता.

"टेकव! टेकव गं!"

मी कडेच्या रेषेकडं बघितलं. शर्टाची शिवण उसवत होती. स्वप्नाली चवड्यांवर उभी होती, तिचे डोळे बॉलवर, अख्खं अंग पुढं झुकलेलं, आणि सर मागं रेलून लोंबकळत होते, रस्सीखेचीत हरताना लोंबकळतात तसे. बॉल टेकला की आमचा गुण. गुण झाला की ती उठणार. ती आत आली की पहिल्या पोरीच्या पायावर डोकं पुढं घालून पडणार. परत शिवता येईल, याची मला खात्री नव्हती.

मी बॉल छातीशी धरला आणि पळत राहिले. ट्रायच्या रेषेमागं आणखी एक रेषा असते, तिच्यापलीकडं बॉल गेला की मेला. मी ती ओलांडली. फोटोग्राफर बाजूला झाला. मी पाहुण्यांसाठी मांडलेल्या हाराच्या टेबलापर्यंत गेले आणि तिथं थांबले.

लांब शिट्टी झाली. पुण्याच्या पोरी उड्या मारायला लागल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"सामना संपला," पंच मॅडम धापा टाकत आल्या. "वेळ आधीच संपली होती. ही शेवटचीच चाल होती." त्या माझ्या हातातल्या बॉलकडं बघत राहिल्या. "टेकवला असता तर तुम्ही जिंकला असता. आणि सामना तिथंच थांबला असता."

"म्हणजे परत खेळ नसता?"

"नसता."

"कोणी आत आलं नसतं?"

"कोण येणार होतं?"

शबाना तोवर पोचली होती. तिनं आधी मला हलवलं, मग माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. "कांचे, तुला पण लागलंय का? कधी लागलं?"

हॉस्पिटलात स्कॅन झाला. तरुण डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, आत जराशी सूज आहे, थोडं रक्तही दिसतंय, पण वाढत नाहीये, लक्ष ठेवू. "आणखी एक दणका बसला असता, तर मग मला काही सांगता आलं नसतं." मग ते सरांकडं वळले. "पकड घेताना डोकं कुठं ठेवायला शिकवलं होतं?"

"सुरक्षित जागी," सर म्हणाले.

"म्हणजे कुठं?"

सरांनी नर्सकडं बघितलं. आमच्याकडं बघितलं. स्वप्नालीचे वडील बाकावर बसले होते, त्यांच्याकडं बघितलं.

"शिबिरात सांगितलं होतं," ते म्हणाले. "पळणारीच्या मागच्या बाजूला. आपला गाल तिच्या... तिच्या ढुंगणाला चिकटवायचा! ढुंगणाला!" शेवटचा शब्द एवढा मोठा आला की कॉरिडॉरमधली सगळी माणसं वळली. सर बाकावर बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. "पोरींना कसं सांगायचं, साहेब?"

स्वप्नालीचे वडील उठले, सरांना पाणी आणून दिलं आणि परत जागेवर बसले.

ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच होती. झोपायची, उठायची, उजीला विचारायची. तिची आई पदराचं टोक चावत बसलेली. मी आणि शबाना आळीपाळीनं पायाशी. सर दाराबाहेर, आत यायचं धाडस नाही.

ऊन खिडकीतून तिच्या तोंडावर आलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "माझं डोकं ठणकतंय. जिंकलो का?"

"हरलो," शबाना म्हणाली आणि मग तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. सरांना पाडलेलं, कबड्डी, पेप्सीकांडी, सगळं. स्वप्नालीला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ती नुसती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"आणि ही बया," शबानानं माझ्याकडं बोट केलं, "रेषेच्या आत गेली, समोर चिटपाखरू नाही, आणि टेकवला नाही. नेऊन हाराच्या टेबलावर ठेवला."

"का?" स्वप्नालीनं मला विचारलं.

"गुण झाला असता तर तू उठून आत आली असतीस," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उशीवरनं डोकं उचलायला गेली, दुखलं म्हणून परत टाकलं आणि पडल्या पडल्याच सुरू झाली.

"अगं गाढवे! रग्बीत कुठं गडी उठतो? कबड्डी आहे होय ती? कॅप्टन झालीस आणि एवढं माहीत नाही? ट्राय होता की गं समोर, ट्राय! नुसतं वाकायचं होतं!"

तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. दारातनं सरांचं डोकं आत आलं. मला समोरचं काही दिसेना.

"आणि रडतेस काय आता?" स्वप्नाली ओरडली. "रग्बीत गडी उठत नाही, कळलं का तुला?"

"नाही कळलं," मी म्हटलं. "परत सांग."